‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विंडोजने विचारलं, तर: उडालेल्या पार्टिशनमधला डेटा परत आणताना

गेल्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, नाशिकच्या पंचवटीतले एक फोटोग्राफर २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क रुमालात गुंडाळून माझ्या दुकानात आले. सोबत कॉलेजात शिकणारा भाचा होता. तो मान वर करत नव्हता. “भाऊ, तीन वर्षांची लग्नं आहेत यात. दोन अल्बम अजून द्यायचे बाकी आहेत,” एवढंच ते बोलले आणि खुर्चीत बसले.

घडलं ते असं. डिस्कवर दोन पार्टिशन, म्हणजे वेगवेगळे कप्पे, होती. पहिलं २०० जीबीचं, त्यात सॉफ्टवेअरचे सेटअप आणि जुनं सामान. उरलेल्या सगळ्या जागेत दुसरं, त्यात लग्नं. जागा कमी पडायला लागली म्हणून भाच्याने विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पहिलं पार्टिशन काढून टाकलं, म्हणजे ती जागा दुसऱ्याला जोडता येईल. पण विंडोज पार्टिशन वाढवतं ते त्याच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत. इथे मोकळी जागा डावीकडे होती, त्यामुळे एक्स्टेंडचा पर्याय चालेना. पोरगा गोंधळला, त्याने दुसरं पार्टिशनही उडवलं, अख्ख्या डिस्कचं एकच नवीन केलं आणि क्विक फॉरमॅट मारलं. चूक लक्षात आल्यावर नेटवरून एक रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवलं आणि सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर साठवायला लावल्या. ३८ जीबी लिहून झालं तेव्हा मामांनी वायर काढली.

अशी डिस्क माझ्याकडे दर दीड-दोन महिन्यांनी येतेच. कुणी विंडोज नव्याने टाकताना चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलेलं असतं. कुणी सिनेमे बघायला डिस्क टीव्हीला लावलेली असते आणि टीव्हीने रेकॉर्डिंगसाठी मागितलेल्या फॉरमॅटला ओके केलेलं असतं. कुणाची डिस्क कॉपी चालू असताना ओढून काढलेली असते. आणि दर वर्षी वळवाच्या पावसात लाइट गेल्यामुळे पार्टिशनचा आकार बदलण्याचं काम अर्धवट राहिलेली एखादी तरी येते. ही शेवटची सगळ्यात अवघड, कारण त्यात नोंदींबरोबर खुद्द डेटाच एका जागेवरून दुसरीकडे हलत असतो. बाकीच्यांत मूळ अपघाताने फारसं नुकसान झालेलं नसतं. नुकसान होतं ते अपघातानंतरच्या पहिल्या तासात, घाबरून केलेल्या दुरुस्तीने. हे इतक्या वेळा बघितलंय की आता सविस्तर लिहावंसं वाटलं.

म्हणून सगळ्यात आधी: फॉरमॅटचा प्रश्न आला तर ‘रद्द’ दाबा. डिस्क ‘इनिशिअलाइझ’ करायची का असं विचारलं, तरी रद्दच. त्याला हो म्हटलं की नवीन पार्टिशन टेबल लिहिलं जातं. मग डिस्क नीट बाहेर काढा आणि बाजूला ठेवा. रिकव्हरीचं काहीही त्या डिस्कवर उतरवायचं नाही, बसवायचं नाही, साठवायचं नाही. पार्टिशन लॅपटॉपच्या आतल्याच डिस्कवर उडालं असेल तर लॅपटॉप बंद करा आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, कारण विंडोज नुसतं चालू असलं तरी सारखं काहीतरी लिहीत असतं.

चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या साधनाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘एरर आली की चेकडिस्क मार’ हा सल्ला प्रत्येक गल्लीत मिळतो. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम, म्हणजे फायली कुठे कशा ठेवल्यात याची मांडणी, सुसंगत करण्याचं आहे, तुमच्या फायली वाचवण्याचं नाही. जी नोंद त्याला पटत नाही ती ते काढून टाकतं. मग ‘फाउंड शून्य शून्य शून्य’ नावाच्या फोल्डरमध्ये नाव-गाव नसलेले तुकडे उरतात. निरोगी डिस्कवर ते उपयोगी आहे. ज्या डिस्कवरचा डेटा हवा आहे आणि ज्याची दुसरी प्रत नाही, तिच्यावर ते कधीही चालवू नका.

फॉरमॅट झाल्यावरही डेटा कसा शिल्लक राहतो, हे लोकांना पटत नाही. मी शेतकरी गिऱ्हाइकांना सांगतो, सातबारा हरवला म्हणून जमीन जागची हलत नाही. पार्टिशन टेबल हा तसा उतारा आहे. जुन्या एमबीआर पद्धतीत तो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात छोटा तुकडा) असतो आणि त्यात फक्त ६४ बाइट जागा घेतो: १६ बाइटच्या चार नोंदी, अमुक पार्टिशन इथे सुरू होतं, इतकं लांब आहे. पार्टिशन डिलीट केलं म्हणजे यातली एक नोंद पुसली, बस. नव्या जीपीटी पद्धतीत हेच टेबल डिस्कच्या सुरुवातीला एकदा आणि अगदी शेवटी पुन्हा एकदा लिहिलेलं असतं, त्यामुळे नुसतं सुरुवातीचं खराब झालं तर शेवटच्या प्रतीवरून ते उभं करता येतं.

पार्टिशनच्या आतही अशीच सोय असते. एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम. तिचा बूट सेक्टर, म्हणजे पार्टिशनची ओळख सांगणारा तुकडा, पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये आणि त्याची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते. फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये ती प्रत सहा क्रमांकाच्या सेक्टरमध्ये (मोजणी शून्यापासून) सापडते, आणि फॅटचं कोष्टकही सहसा दोनदा लिहिलेलं असतं. एनटीएफएसमध्ये कुठली फाइल कुठे आहे याची वही म्हणजे एमएफटी. क्विक फॉरमॅट नवी कोरी एमएफटी मांडतं, पण फायलींच्या मजकुराला हात लावत नाही. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी: विंडोज व्हिस्टापासून पुढे ते सगळीकडे शून्य लिहितं, आणि तिथे परत आणण्यासारखं काही उरत नाही.

हे सगळं फिरत्या तबकडीच्या डिस्कला लागू आहे. एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, ट्रिम नावाची व्यवस्था असते. पार्टिशन फॉरमॅट झालं की ‘ही जागा आता नको’ असा निरोप एसएसडीला जातो आणि ती आतून जागा साफ करायला घेते. अशा वेळी कुणी शंभर टक्के खात्री देत असेल तर पैसे देऊ नका. नुसती नोंद पुसली असेल, फॉरमॅट झालं नसेल, तर आशा असते; म्हणून एसएसडी असेल तर जागच्या जागी वीज तोडणं फार महत्त्वाचं.

आता तपासणी. डिस्क जोडल्यावर मी आधी कान देतो. टक-टक, टक-टक असा ठरावीक आवाज, किंवा तबकडी फिरायला लागून थांबणं, असं असेल तर हे पार्टिशनचं दुखणं नाही. हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, गेलं असण्याची शक्यता असते. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर चालवायचं नाही. प्रत्येक मिनिटाला तबकडीवर ओरखडे वाढू शकतात. क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, असलेल्या ठिकाणीच ती उघडायला द्यायची. घरी झाकण काढू नका आणि फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय तर करूच नका, आत दव धरतं.

आवाज ठीक असेल तर डिस्कचा आकार बघायचा. २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे १८६३ जीबी दिसायला हवी. शून्य किंवा भलताच आकडा दिसला तर बिघाड डिस्कच्या सर्किटमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे, पार्टिशनमध्ये नाही. आकडा बरोबर असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये स्मार्टच्या नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेल्या नोंदी, बघतो. तीन ओळी पुरतात: रिअलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर. पेंडिंग शून्य नसेल तर डिस्क काही जागा वाचू शकत नाहीये, म्हणजे पार्टिशन ‘आपोआप’ बिघडण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. सीआरसी एररचा (केबलवरून जाता-येता डेटा चुकल्याचा) आकडा वाढत असेल तर डिस्कआधी केबल बदला. डेस्कटॉपमध्ये पाच मिनिटांत मिटणाऱ्या या दुखण्यापायी लोकांनी अख्ख्या डिस्क बदललेल्या मी पाहिल्या आहेत.

या पायरीवर आणखी एक विचारून घ्या: डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, होतं का? असेल तर पार्टिशन सापडलं तरी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बरेचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. कीशिवाय पुढचं काहीच होत नाही.

दिंडोरीकडून एकदा द्राक्षाच्या पॅकहाउसची डिस्क आली होती, फवारणीच्या आणि निर्यातीच्या नोंदी असलेली. बाहेरच्या डबीचं यूएसबी सॉकेट सैल झालं म्हणून कुणीतरी डिस्क डबीतून काढून सरळ संगणकाला आतल्या सॅटा केबलने जोडली, आणि विंडोज तिला ‘रॉ’, म्हणजे आतली फाइल सिस्टिम ओळखू न येणारी, म्हणायला लागलं. काही बिघडलेलं नव्हतं. ३ टीबी आणि त्यावरच्या काही एक्स्टर्नल डिस्कमधलं यूएसबी सर्किट संगणकाला ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतं. डिस्क डबीबाहेर काढली की मोजमाप बदलतं आणि पार्टिशनच्या नोंदीतले आकडे चुकीच्या जागी बोट दाखवतात. काही डब्यांचं सर्किट डेटा कुलूपबंदही करून ठेवतं. सॉकेटला नवीन डाग दिला, डिस्क परत त्याच डबीत बसवली, सगळं दिसलं. म्हणून जुनी डबी फेकू नका.

पंचवटीच्या डिस्ककडे परत येतो. आवाज ठीक, आकार बरोबर, स्मार्ट स्वच्छ. मी भाच्याला जवळ बसवून काय-काय केलं ते क्रमाने कागदावर लिहून घेतलं. घरच्यांना माझी विनंती असते की अशा वेळी पोरांना रागावू नका. घाबरलेला माणूस एखादी पायरी लपवतो, आणि नेमकी तीच मला हवी असते. इथे ‘पहिलं पार्टिशन २०० जीबीचं होतं’ या त्याच्या एका वाक्याने अर्धं काम केलं.

मग प्रत, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीत जशीच्या तशी नक्कल. माझ्या दृष्टीने सगळी रिकव्हरी म्हणजे ही प्रतच आहे. पुढचं सगळं चुकलं तरी चालतं, कारण मूळ डिस्क जशीच्या तशी असते. मी उबुंटू या लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू हे नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: मूळ डिस्क, प्रतीची फाइल आणि मॅपफाइल. मॅपफाइलमध्ये कुठपर्यंत वाचलं, कुठे अडलं याची नोंद राहते, त्यामुळे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. डिस्कवर खराब सेक्टर असतील तर पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने करा, म्हणजे ती खराब जागा खरवडत बसत नाही आणि चांगला भाग आधी हाती येतो. दुसऱ्या फेरीत ‘डी’ आणि ‘आर’ला तीन देऊन राहिलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न करायचा.

मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. हे मी ऐकलेलं नाही, एका गिऱ्हाइकाच्या हातून झालेलं आहे, आणि त्यात काही वाचलं नाही. त्यामुळे ‘एलएसबीएलके’ ही कमांड ‘ओ’ पर्यायाने देऊन मॉडेल, सिरियल नंबर आणि आकार मागवा, कागदावर लिहा, डिस्कवरच्या स्टिकरशी जुळवा आणि मगच एंटर दाबा. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असतील तर दुप्पट काळजी घ्या.

जागेचं गणित: २ टीबीची प्रत २ टीबी जागा घेते, म्हणून मी ४ टीबीची डिस्क ठेवली आहे. ती फॅट३२ मध्ये असून चालत नाही, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. वेळ: सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर साडेपाच तासांच्या पुढे; जुन्या यूएसबी २ पोर्टवर १६ ते १८ तास. हा सगळा वेळ वीज टिकायला हवी. लॅपटॉपला बॅटरी असते, पण मोठ्या एक्स्टर्नल डिस्कचा वेगळा अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डात असतो हे लोक विसरतात. तो इन्व्हर्टरवर घ्या. मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं की मी प्रत रात्रीवर ढकलतो.

प्रत तयार झाली की मूळ डिस्क कपाटात जाते आणि टेस्टडिस्क प्रतीच्या फाइलवर चालवायचं. ते उडालेली पार्टिशन शोधणारं, ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं मोफत सॉफ्टवेअर आहे. काळ्या पडद्यावर नुसता मजकूर दिसतो म्हणून लोक बिचकतात, पण पैसे देऊन घेतलेल्या कित्येक रंगीत प्रोग्रॅमपेक्षा पार्टिशनच्या कामात माझा त्यावर जास्त विश्वास आहे. सुरू केल्यावर टेबलचा प्रकार विचारतं, एमबीआर असेल तर इंटेल, नाहीतर ईएफआय जीपीटी. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर असतो. मग ॲनालाइज, मग क्विक सर्च.

क्विक सर्चने आम्हाला फक्त भाच्याने केलेलं नवं पार्टिशन दाखवलं. मामांचा चेहरा पडला. इथेच बरेच जण सोडून देतात. खाली डीपर सर्च आहे, ते डिस्क सिलिंडर-सिलिंडर, म्हणजे तुकड्या-तुकड्याने, तपासत जातं. त्याला काही तास लागले, पण २०० जीबीच्या खुणेपाशी एक जुना एनटीएफएस बूट सेक्टर सापडला. त्या ओळीवर थांबून ‘पी’ दाबलं की आतल्या फायलींची यादी येते. लग्नांची फोल्डरं आडनावांसकट ओळीने दिसली, तेव्हा मामा उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने आत आले.

हे का जमलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या डिस्कवर अंदाज बांधता येईल. नवं पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीपासून होतं. क्विक फॉरमॅट नवी एमएफटी साधारण सुरुवातीच्या ३ जीबीच्या आसपास मांडतं, म्हणजे घाव बसला तो जुन्या पहिल्या पार्टिशनच्या हद्दीत. नंतर लिहिलेले ३८ जीबीही सुदैवाने तिथेच पडले. दुसऱ्या पार्टिशनचा बूट सेक्टर आणि एमएफटी २०० जीबीच्या पलीकडे शाबूत राहिले. त्याच्या बूट सेक्टरची शेवटची प्रत मात्र गेली होती, कारण नवं पार्टिशनही तिथेच संपत होतं. डिस्कवर एकच पार्टिशन असतं आणि तेच फॉरमॅट झालं असतं, तर नव्या एमएफटीने जुनीच्या डोक्यावर पाय दिला असता आणि बऱ्याच फायलींची नावं गेली असती.

यादी दिसली तरी लगेच टेबल लिहू नका. टेस्टडिस्कमध्ये ‘राइट’चा पर्याय आहे आणि त्याने पार्टिशन क्षणात उभं राहतं, पण मी आधी यादीतूनच ‘सी’ वापरून फायली तिसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो. ओळी हिरव्या आहेत का, दोन पार्टिशनच्या हद्दी एकमेकांवर चढत नाहीत ना, हे न बघता लिहिलं की गोंधळ वाढतो. पार्टिशन दिसतंय पण ‘रॉ’ म्हणतंय, अशी केस असेल तर ॲडव्हान्स्डमध्ये बूट हा भाग बघा. मूळ बूट सेक्टर खराब आणि प्रत चांगली असं तो सांगत असेल तर ‘बॅकअप बीएस’ प्रतीवरून मूळ दुरुस्त करतं. हेही प्रतीच्या फाइलवरच करायचं.

लग्नं मिळाली. मग मामा हळूच म्हणाले की पहिल्या पार्टिशनमध्ये ‘जुनं सामान’ होतं त्यात वडिलांचे फोटो होते: २००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर त्यांनी काढलेल्या निगेटिव्हचे स्कॅन. म्हणजे घाव बसलेल्या जागीच. तिथे फोटोरेक चालवलं, ते टेस्टडिस्कसोबतच येतं. हे फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. फायलीच्या सुरुवातीची खूण ओळखून जेपीजी, टिफ, व्हिडिओ उचलत जातं. नाव, फोल्डर, तारीख काही मिळत नाही. तुकड्या-तुकड्यांत साठवलेली फाइल बहुधा अर्धीच येते: वर घाट, खाली करडा पट्टा. निम्म्याहून थोडे जास्त स्कॅन पूर्ण आले.

मिळालेल्या फायली मोजून काम संपत नाही, उघडून बघाव्या लागतात. छोटं चित्र दिसतं आणि फोटो उघडत नाही, असं बरेचदा होतं, कारण छोटं चित्र फायलीच्या सुरुवातीलाच असतं. व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे नेऊन बघा. हिशेबाची फाइल ज्या सॉफ्टवेअरची आहे त्यातच उघडा. मी गिऱ्हाइकाला पंधरा दिवस देतो आणि तोवर मूळ डिस्क कुणालाही फॉरमॅट करू देत नाही.

मामांनी लग्नांचे फोटो आता दोन वेगळ्या डिस्कवर ठेवलेत, त्यातली एक बहिणीच्या घरी सिडकोत असते. कॉपी झाल्यावर कार्ड लगेच रिकामं करत नाहीत. जुनी २ टीबीची डिस्क अजून माझ्या कपाटात आहे, वर चिठ्ठी चिकटवलेली: ‘रामकुंड, हात लावू नये’. राहिलेल्या स्कॅनच्या निगेटिव्ह माळ्यावरच्या पेटीत असतील असं त्यांच्या आईला वाटतंय. त्या सापडेपर्यंत ती डिस्क तिथेच राहील.